टायरची अकाली झीज

टायरची अकाली झीज म्हणजे मोटारीच्या टायरची नक्षी (ट्रेड) अपेक्षित आयुर्मानाच्या बरीच आधी संपणे, किंवा टायरचा उरलेला भाग चांगला असताना एखादी कड गुळगुळीत होऊन तो निकामी होणे. सर्वच वाहनांत हा प्रकार घडतो; परंतु रुंद व मऊ रबराचे टायर आणि वेगासाठी ठेवलेले चाकांचे कोन यांमुळे स्पोर्ट्स कारमध्ये तो विशेष प्रमाणात आढळतो. वाहनउत्पादक, टायरउत्पादक व विक्रेता यांच्या हमीपत्रांत सर्वसाधारण झिजेचा समावेश नसतो. त्यामुळे टायर लवकर संपला एवढे सांगून ग्राहकाचा दावा टिकत नाही. तो कोणत्या कारणाने संपला, हे दाखवावे लागते, आणि कारणाचा बहुतेक पुरावा टायरच्या पृष्ठभागावरच असतो. या विषयावरील हमीचे वाद प्रामुख्याने या पुराव्याच्या अर्थावरून होतात.

झिजेचे प्रकार व त्यांचा अर्थ

मोटारीच्या नव्या टायरच्या नक्षीची खोली साधारणपणे ८ मिलिमीटरच्या आसपास असते. वेगवान मोटारींच्या काही टायरमध्ये ती याहून कमी ठेवतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ नुसार ही खोली दुचाकी व तीनचाकी वाहनांसाठी ०.८ मिलिमीटर आणि इतर वाहनांसाठी १.६ मिलिमीटर यांहून कमी असता कामा नये. ही मर्यादा ओळखता यावी म्हणून खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे ठेवलेले असतात. नक्षी झिजून या उंचवट्यांच्या पातळीस आली की टायर कायद्याच्या दृष्टीने संपला. म्हणजे ८ मिलिमीटरच्या टायरमध्ये प्रत्यक्ष वापरण्याजोगे रबर ६.४ मिलिमीटरच असते.

झीज कोठे झाली यावरून कारणाचा अंदाज बांधता येतो. हवा कमी असल्यास टायरच्या दोन्ही कडा झिजतात, जास्त असल्यास मधला पट्टा झिजतो. धक्काशोषक (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) कमकुवत झाला की परिघावर थोड्या थोड्या अंतराने खळगे पडतात. चाक जाम होऊन घसरत गेल्यास एकाच जागी सपाट डाग उमटतो. चाकांचे संरेखन (व्हील अलाइनमेंट) बिघडले असल्यास एक कड दुसरीपेक्षा लवकर संपते, आणि नक्षीच्या ठोकळ्यांवरून आडवा हात फिरवला असता एका दिशेने गुळगुळीत व उलट दिशेने करवतीसारखी धार लागते. शेवटची ही खूण डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळते.

संरेखनातील दोन कोन येथे महत्त्वाचे आहेत. चाक वरून आत किंवा बाहेर कललेले असणे हा ‘कॅम्बर’. चाकांच्या पुढच्या कडा एकमेकींकडे वळलेल्या किंवा एकमेकींपासून फाकलेल्या असणे हा ‘टो’. आतली कड झिजली की दोष कॅम्बरवर टाकण्याची रीत आहे, पण तो प्रायः निम्माच खरा असतो. कॅम्बरमुळे भार आतल्या कडेवर येतो. रबर खरवडले जाते ते मुख्यतः टोमुळे, कारण टो चुकलेले चाक सतत थोडेथोडे आडवे ओढले जाते. चाकाची दिशा केवळ ०.१ अंशाने चुकली तर प्रत्येक किलोमीटरमागे टायर सुमारे १.७५ मीटर आडवा घासला जातो. दहा हजार किलोमीटरांच्या प्रवासात हे आडवे घासणे साडेसतरा किलोमीटर भरते. इतका लहान कोन डोळ्यांना दिसत नाही व सुकाणूवरही नेहमी जाणवत नाही.

स्पोर्ट्स कारमध्ये झीज जास्त का

वळणावर गाडी बाहेरच्या बाजूस कलते, तेव्हा टायरचा पूर्ण पृष्ठभाग रस्त्याला टेकलेला राहावा म्हणून वेगवान मोटारींत ऋण कॅम्बर ठेवतात, म्हणजे चाक वरच्या बाजूने आत झुकलेले असते. गाडी सरळ रेषेत धावत असताना हाच झुकाव आतल्या कडेवर भार टाकतो. शिवाय मोठ्या वेगात मागची बाजू स्थिर राहावी यासाठी मागील चाकांना किंचित ‘टो-इन’ दिलेला असतो. हे दोन्ही कोन आराखड्यातच ठरवलेले असतात. संरेखन यंत्रावर सर्व आकडे उत्पादकाच्या मर्यादेत दिसूनही टायर कडेने संपतो, त्याचे कारण हेच आहे, आणि ग्राहकाचा सर्वाधिक मनस्ताप येथेच सुरू होतो. यंत्राचा कागद निर्दोष आणि टायर गुळगुळीत, अशा स्थितीत दोष कोणाचा हे कोणीच मान्य करीत नाही.

रबराच्या मिश्रणाचाही वाटा मोठा आहे. रस्त्याला घट्ट चिकटणारे मऊ रबर लवकर झिजते व टिकाऊ रबराची पकड कमी असते. या देवाणघेवाणीतून आजवर कोणत्याही टायरची पूर्ण सुटका झालेली नाही. अमेरिकेत टायरवर झिजेचा सापेक्ष अंक छापणे बंधनकारक आहे. टेक्सास राज्यातील सॅन अँजेलो परिसरात सुमारे ६४० किलोमीटरांच्या ठरावीक मार्गावर टायर एकूण ११,५०० किलोमीटरांच्या आसपास चालवून त्याची तुलना १०० अंकाच्या प्रमाण टायरशी केली जाते. साध्या प्रवासी टायरचा अंक ४०० किंवा त्याहून अधिक असू शकतो, तर अनेक स्पोर्ट्स टायर २०० किंवा त्याखाली असतात. तथापि हा अंक उत्पादक स्वतःच देतो आणि तो किलोमीटरांचे वचन नाही. आयात केलेल्या टायरच्या कडेवर तो भारतातही वाचायला मिळतो.

सर्वसामान्य मोटारीत ठरावीक अंतरानंतर पुढचे टायर मागे व मागचे पुढे लावून झीज सारखी वाटून घेता येते. पुष्कळ स्पोर्ट्स कारमध्ये मागील टायर पुढच्यांपेक्षा रुंद असल्यामुळे ही सोय नसते. त्यातच नक्षी एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवलेली असली, तर टायर रिमवरून काढल्याशिवाय डावा-उजवा बदलही करता येत नाही. आतली कड जमिनीपासून जवळ आणि चाकाच्या कमानीत झाकलेली असल्याने, गाडी उचलल्याखेरीज ती दिसत नाही. बाहेरून नवा दिसणारा टायर आतून तारा दिसेपर्यंत झिजल्याचे त्यामुळे फार उशिरा लक्षात येते.

परदेशांतील उदाहरणे

१९९० मध्ये बाजारात आलेल्या होंडा एनएसएक्स या मोटारीचे मागील टायर अत्यंत कमी अंतरात संपत असल्याच्या तक्रारी, विशेषतः अमेरिकेतून, येऊ लागल्या. तेथे ही मोटार अ‍ॅक्युरा या नावाने विकली जात होती. गाडीच्या स्थिरतेसाठी ठेवलेला मागील चाकांचा टो हे झिजेचे प्रमुख कारण ठरले. पुढे संरेखनाची मूल्ये बदलण्यात आली व प्रकरण सामूहिक दाव्यापर्यंत गेले. सुमारे दशकभरानंतर निस्सान ३५०झेड या मोटारीबाबत पुढील टायर करवतीसारखे झिजण्याची व त्यातून मोठा आवाज येण्याची तक्रार निघाली. तेथेही संरेखनाची सुधारित मूल्ये आणि सामूहिक दावा असाच क्रम घडला. दोन्ही प्रकरणांतील समान बाब लक्षणीय आहे. एकेकट्या ग्राहकाला ‘चालवण्याची पद्धत’ हे उत्तर मिळते. परंतु एकाच प्रकारच्या शेकडो गाड्यांचे टायर एकाच कडेला झिजतात तेव्हा ते उत्तर टिकत नाही.

हमीपत्रातील तरतुदी

नव्या मोटारीच्या हमीपत्रातून टायर व बॅटरी सहसा वगळलेली असतात. त्यांची हमी संबंधित उत्पादक स्वतंत्रपणे देतो. टायरची हमी उत्पादनदोषापुरती, म्हणजे थर सुटणे, तारा विलग होणे, रबर जोडताना राहिलेली त्रुटी यांसाठी असते. चुकीचा हवेचा दाब, बिघडलेले संरेखन, अतिभार, खड्ड्याचा आघात, चीर, अयोग्य दुरुस्ती आणि शर्यतीच्या मार्गावरील वापर ही कारणे वगळलेली असतात. स्पोर्ट्स कारच्या जाहिरातीत शर्यतीचा मार्ग ठळकपणे दिसतो, हमीपत्रात मात्र तो अपवादांच्या यादीत असतो.

परिणामी ग्राहक तीन दारांमध्ये फिरत राहतो. टायर कंपनी संरेखनाकडे बोट दाखवते, मोटार कंपनी टायर आपल्या हमीत नाही असे सांगते आणि विक्रेता दोघांकडे पाठवतो. संरेखनाचा कोन हा मोटारीच्या आराखड्याचा भाग असेल, तर झीज टायरवर दिसली तरी तिचे मूळ मोटारीत असते. अशा प्रसंगी टायरच्या हमीऐवजी मोटारीच्या हमीखाली केलेला दावा अधिक सयुक्तिक ठरतो. सुकाणूचे सांधे, बुश, धक्काशोषक यांसारखा हमीत येणारा भाग सदोष असल्यास हे विशेषकरून लागू पडते.

दावा मान्य झाला तरी टायरची पूर्ण किंमत बहुधा मिळत नाही. वापरलेल्या रबराच्या प्रमाणात रक्कम कापली जाते. उदाहरणार्थ, ८ मिलिमीटरच्या टायरवर ५ मिलिमीटर नक्षी उरली असेल, तर वापरण्याजोग्या ६.४ पैकी ३ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ४७ टक्के, वापर झाला असे धरून उरलेल्या ५३ टक्क्यांइतकी सूट नव्या टायरवर देतात. नेमके सूत्र कंपनीनुसार बदलते. या पद्धतीतील विसंगती अशी की, ज्या तक्रारीचे सारच ‘नक्षी लवकर संपली’ हे आहे, त्या तक्रारीत नुकसान जितके मोठे तितकी भरपाई लहान होते. एका कडेने संपलेल्या टायरची मोजणी कोठे केली, हेही त्यामुळे निर्णायक ठरते: मधल्या खाचेत ५ मिलिमीटर आणि आतल्या कडेस शून्य, अशी दोन्ही मोजमापे एकाच टायरवर खरी असू शकतात.

टायरच्या कडेवरील चार अंकी संकेत उत्पादनाचा आठवडा व वर्ष दाखवतो. २३२४ म्हणजे २०२४ मधील तेविसावा आठवडा. हमीची मुदत खरेदीच्या किंवा उत्पादनाच्या तारखेपासून मोजली जात असल्याने, दुकानात पडून राहिलेल्या टायरची हमी काही वेळा वापरापूर्वीच अंशतः संपलेली असते.

भारतातील मानके व कायदा

मोटारीच्या टायरसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आय.एस. १५६३३ हे मानक लागू आहे. जून २०२२ मधील अधिसूचनेने रोलिंग रेझिस्टन्स, ओल्या रस्त्यावरील पकड व आवाज यांसाठी ए.आय.एस. १४२ हे मानकही लागू करण्यात आले. या तीन बाबींत आयुर्मान येत नाही. टायर किती किलोमीटर चालावा याची सर्वमान्य कसोटी हाताशी नसताना ‘अकाली’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक प्रकरणात नव्याने ठरवावा लागतो.

मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ नुसार, वर्णनावरून घेतलेला माल विक्रीयोग्य दर्जाचा असावा ही अट, कलमातील अपवाद वगळता, करारात गृहीत धरली जाते. ग्राहकाचा मुख्य आधार मात्र ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा आहे. या चळवळीशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे: बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली व १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली, म्हणजे १९८६ च्या पहिल्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या दशकभर आधी.

२०१९ च्या कायद्यातील एक बदल मोठ्या शहरांपासून दूर राहणाऱ्यांसाठी महत्त्वाचा आहे. बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील दिंद्रुड येथील रहिवाशाने पुण्यात टायर घेतला आणि कंपनीचे कार्यालय मुंबईत असले, तर १९८६ च्या कायद्याखाली त्याला सामान्यतः प्रतिपक्षाच्या किंवा खरेदीच्या ठिकाणी तक्रार करावी लागे. नव्या कायद्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा उपजीविकेसाठी काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे, म्हणजे या उदाहरणात बीड येथे, तक्रार दाखल करता येते. ती कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही. ऑनलाइन तक्रारीसाठी २०२० मध्ये ई-दाखिल व २०२५ पासून ई-जागृती ही व्यवस्था आली; राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

डिसेंबर २०२१ पासून जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाख रुपये, राज्य आयोगाची त्यापुढे दोन कोटी आणि त्यावरील प्रकरणे राष्ट्रीय आयोगाकडे अशी विभागणी आहे. ती दिलेल्या मोबदल्यावर ठरत असल्याने केवळ टायरसंबंधीची तक्रार बीडमध्ये चालू शकते, तर त्याच टायरमुळे संपूर्ण महागडी मोटार सदोष असल्याचा दावा मुंबईस किंवा दिल्लीस जातो. संपूर्ण मोटार बदलून मागण्याच्या मार्गात सर्वोच्च न्यायालयाचा २००६ मधील मारुती उद्योग प्रकरणातील निर्णयही आड येतो. हमीत सदोष भाग दुरुस्त करण्याचे किंवा बदलण्याचे वचन असेल, तर ते तेवढ्यापुरतेच बंधनकारक आहे, असे त्यात ठरले. गोव्यातील एका ग्राहकाला जुन्या वर्षाची मोटार नवी म्हणून विकल्याच्या प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, विक्रेत्याच्या कृत्याची माहिती व सहभाग सिद्ध न झाल्याने, उत्पादक टाटा मोटर्सला जबाबदार धरले नाही. या निर्णयामुळे तक्रारीत विक्रेता, मोटार कंपनी व टायर कंपनी यांपैकी कोणाविरुद्ध नेमका कोणता आरोप आहे, हे वेगळे मांडणे आवश्यक झाले.

दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल, तर कलम ३८ नुसार आयोग वस्तूचा नमुना सीलबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो व ४५ दिवसांत अहवाल मागवतो. तपासणीचे शुल्क प्रथम तक्रारदाराला भरावे लागते. अशी तपासणी आवश्यक असलेल्या तक्रारीचा निकाल पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात बहुधा अधिक काळ लागतो. या क्षेत्रातील तज्ज्ञ संस्था राज्यातच आहेत: भोसरी (पुणे) येथील सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट आणि ठाणे येथील ‘इर्मरा’ ही रबर संशोधन संस्था. तथापि तपासणीसाठी टायर अस्तित्वात असावा लागतो. नवे टायर बसवताना जुने दुकानातच सोडून देणे ही सर्वसामान्य सवय आहे, आणि दावा बहुतेक वेळा त्याच क्षणी दुबळा होतो. कंपनीने पाहणीसाठी नेलेल्या टायरची पोच, त्यावरील संकेतांक, आतली कड, मध्य व बाहेरची कड यांच्या खोलीची नोंद, आणि खरेदीपासूनचे संरेखनाचे छापील अहवाल हेच नंतर पुरावा म्हणून उरतात.

समान हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्रित तक्रार करण्याची मुभा कलम ३५ मध्ये आहे. मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ ने आणलेल्या कलम ११०-अ खाली केंद्र सरकार सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेशही देऊ शकते.

मराठवाड्यातील स्थिती

दिंद्रुड परिसरात स्पोर्ट्स कार हे नित्याचे दृश्य नाही; टायरच्या झिजेचा प्रश्न मात्र परिचित आहे. जवळच तेलगाव येथे लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना आहे. गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मालमोटारी आणि रबरी चाकांच्या बैलगाड्या, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या भाषेतील ‘टायरगाड्या’, रस्त्यावर असतात. काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे तिच्यावरील रस्ते उंचसखल होतात; उन्हाळ्यात तापमान ४० अंशांपलीकडे जाते. हवेचे तापमान दहा-अकरा अंशांनी वाढले की टायरमधील दाब सुमारे दोन पीएसआयने वाढतो. दाब गार टायरमध्ये मोजावा असे सांगतात ते यामुळे.

ट्रॉलीला वापरलेले किंवा रिमोल्ड केलेले टायर बसवण्याची पद्धत रूढ आहे. रिमोल्ड टायरवर मूळ कंपनीची हमी उरत नाही. नव्या टायरचा दावा अतिभाराच्या कारणाने नाकारला जातो, आणि ऊसवाहतुकीत हे कारण खोडून काढणे कठीण असते. त्याखेरीज ‘व्यापारी हेतू’ हा आक्षेप येतो. मात्र स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू या आक्षेपातून वगळलेली आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये, स्वतः चालवून पोट भरण्यासाठी रिक्षा किंवा मालमोटार घेणारा हा ग्राहकच असल्याचे स्पष्ट केले. एकाच ट्रॅक्टरवर स्वतः वाहतूक करणाऱ्या शेतकऱ्यालाही हा तर्क लागू होऊ शकतो. याउलट कंपनीच्या नावाने घेतलेल्या स्पोर्ट्स कारच्या मालकाला आपला वापर व्यापारी नव्हता हे पटवून द्यावे लागते.

सुरक्षितता

झिजलेल्या नक्षीला ओल्या रस्त्यावरील पाणी बाजूला सारता येत नाही, आणि एका कडेने तारा उघड्या पडलेला टायर वेगात फुटू शकतो. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाल्यानंतर टायर फुटून झालेल्या अपघातांची मोठी चर्चा झाली. २०२३ मध्ये मोटार वाहन विभागाने महामार्गाच्या प्रवेशद्वारांवर टायर तपासण्यास सुरुवात केली व झिजलेल्या टायरच्या वाहनांना परत पाठवण्यात आले. ७०१ किलोमीटरांचा हा संपूर्ण मार्ग ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला. मोटारींसाठी तेथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. उभ्या गाडीची बाहेरून केलेली तपासणी टायरची बाहेरची कड व मधली नक्षी दाखवते. ऋण कॅम्बरने झिजलेली आतली कड चाक पूर्ण वळवल्याशिवाय किंवा गाडी उचलल्याशिवाय दिसत नाही, आणि मागील चाके तर वळवताही येत नाहीत.